शाळा सुटल्यावरचा परदेशी मास्तर

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी लिहिलेल्या पुस्तकांची एक स्वतंत्र जातकुळी इंग्रजी साहित्यात आहे. ग्रंथालयात ही पुस्तके बहुधा प्रवासवर्णनाच्या कपाटात ठेवलेली आढळतात. मला ते तितकेसे पटत नाही. प्रवासी येतो, पाहतो आणि निघून जातो. मास्तराचा मुक्काम असतो. त्याला भाड्याचे घर लागते, किराणा लागतो, न्हावी लागतो, ताप आला तर डॉक्टर लागतो. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे त्याला सुट्टीचा दिवस घालवावा लागतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि पुस्तकात तिसरी असते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, म्हणजे आता ही तीन भाषांची ओढाताण सहाव्या वर्षीच सुरू होते. त्यामुळे दुसऱ्याच्या मुलखात जाऊन इंग्रजी शिकवणाऱ्याने काय लिहिले, हे मी जरा वेगळ्या नजरेने वाचते. तो वर्गात कसा शिकवतो यापेक्षा घंटा झाल्यावर तो काय करतो, याकडे माझे लक्ष अधिक असते. कारण वर्गात तो बादशाह असतो. त्याची भाषा, त्याचे उच्चार, त्याचा खडू. बाहेर पडला की त्याला दुकानावरची पाटी वाचता येत नाही, भाजीचा भाव कळत नाही, मागून मुले हसली तर का हसली तेही समजत नाही. वर्गातला उस्ताद रस्त्यावर अनपढ होतो. हे अनपढपण तो कसे सोसतो, लपवतो की कबूल करतो, यावर त्याच्या पुस्तकाची किंमत ठरते, असे माझे मत आहे. हीच कसोटी घेऊन मी येथे चार लेखकांकडे पाहणार आहे.

पहिले नाव एका बाईचे, आणि ते आपल्या मातीतले आहे. ॲना लिओनोवेन्स. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजा मोंगकुतने 1862 साली आपल्या मुलांना आणि राण्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी तिला नेमले. 1867 पर्यंत ती बँकॉकला होती. पुढचा राजा चुलालोंगकोर्न हा तिचा शागिर्द. 1870 साली तिचे 'द इंग्लिश गव्हर्नेस ॲट द सायमीज कोर्ट' हे पुस्तक आले. त्यावरून पुढे मार्गारेट लँडनची कादंबरी, संगीत नाटक आणि 1956 चा 'द किंग अँड आय' हा चित्रपट निघाला. राजाचा अपमान होतो म्हणून थायलंडने त्या चित्रपटावर बंदी घातली.

जगाला ॲनाने सांगितले की आपण वेल्समध्ये जन्मलो. खरे म्हणजे ती 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जन्मली होती. बाप कंपनीच्या फौजेतला साधा शिपाई, बालपण पश्चिम भारतातल्या छावण्यांत गेलेले. तिची आजी भारतीय किंवा मिश्र वंशाची असावी, असे संशोधक मानतात. हे सारे तिने आयुष्यभर झाकून ठेवले. संशोधकांनी ते उघड केले 1970 च्या दशकात, ती जाऊन साठ वर्षे झाल्यावर.

आता तिचे पुस्तक माझ्या कसोटीवर ठेवून पाहा. राजवाडा आहे, मंदिरे आहेत, मिरवणुका आहेत, जनानखान्यातल्या स्त्रियांची दुःखे आहेत. राजवाड्याच्या भिंतीबाहेर स्वतंत्र घर मिळावे म्हणून तिने धरलेला हट्टही आहे, आणि तो भाग वाचनीय आहे. पण त्या घरात संध्याकाळी ही बाई काय करत होती? कोणाशी हसत होती? कोणता पदार्थ तिला आवडू लागला होता? याचे उत्तर हाती फारसे लागत नाही. ती सतत सरळ बसलेली दिसते. फुरसत म्हणजे अंग सैल सोडणे. जिला स्वतःचे घर लपवायचे आहे, तिला दुसऱ्याच्या घरात पाय पसरता येत नाहीत. वर्णनात अतिशयोक्ती फार आहे, हा तिच्यावरचा नेहमीचा आरोप आहे आणि तो खोटा नाही. पण मला त्यामागची भीती दिसते. नगरच्या छावणीतली पोर म्हणून ओळख पटली असती, तर राजाने तिला अस्सल इंग्रज शिक्षिका म्हणून ठेवले असते का? ही नोकरी जितकी भाषेची होती, तितकीच चेहऱ्याची आणि जन्मगावाचीही होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

दुसरा लेखक लाफ्काडिओ हर्न. ग्रीसमधल्या लेफ्कादा बेटावर 1850 साली जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला, अमेरिकेत वर्तमानपत्रांत लिहिणारा हा माणूस 1890 साली जपानला पोचला आणि मात्सुए या लहान गावी शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला. तिथे तो जेमतेम सव्वा वर्ष राहिला. 1894 साली आलेल्या 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' या ग्रंथात इंग्रजीच्या मास्तराची रोजनिशी म्हणून एक प्रकरण आहे. ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. शाळेतला पहिला दिवस, शिस्तीने बसलेली मुले, त्यांचे निबंध, आजारी पडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी. कुठेही आव आणलेला नाही.

हर्नची फुरसत मुलांनी भरून काढली. शाळा सुटल्यावर ती त्याच्या घरी येत, चटईवर बसत, चहा घेत. घरातली एखादी जुनी चीज, चित्राची गुंडाळी, दाखवायला आणत. परदेशी मास्तर मुलांना वर्गात इंग्रजी देतो आणि मुले त्याला त्याच्या घरी येऊन आपला देश देतात, असा हा उलटा वर्ग आहे. हर्नच्या गद्यातला जिव्हाळा इथून आला आहे. शाळेतला त्याचा सहकारी निशिदा सेन्तारो हा स्वतः इंग्रजी जाणणारा. तो दुभाषी झाला, वाटाड्या झाला, मित्र झाला. हर्नने 1895 चे आपले पुस्तक त्यालाच अर्पण केले. स्थानिक सहशिक्षकाला इतका मान देणारे परदेशी मास्तर फार थोडे.

पण या फुरसतीची दुसरी बाजूही आहे. हर्नला जपानी नीट वाचता आले नाही. त्याची पत्नी कोइझुमी सेत्सु हिला इंग्रजी येत नव्हते. मोडक्यातोडक्या, दोघांनीच घडवलेल्या जपानीत ती त्याला रात्री जुन्या कथा सांगायची आणि तो त्या इंग्रजीत लिहायचा. ज्या भुताखेतांच्या कथांनी हर्नचे नाव अमर केले, त्यांतल्या कितीतरी या माऊलीच्या तोंडच्या आहेत. हर्नची ती फुरसत होती, सेत्सुचे ते घरकामानंतरचे काम होते. तिच्या आठवणी हर्नच्या मृत्यूनंतर, 1918 साली, इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. हर्न वाचणाऱ्याने ते छोटे पुस्तक शेजारी ठेवूनच वाचावे. 1896 मध्ये हर्न जपानी नागरिक झाला, कोइझुमी याकुमो हे नाव त्याने घेतले, आणि 1904 साली तिथल्याच मातीत मिसळला. त्याने परदेसाला आपले घर केले हे खरे. पण दरवाजा आतून सेत्सुने उघडला होता.

हर्ननंतर त्याच्याच खुर्चीवर बसलेला माणूस येथे थोडक्यात सांगायला हवा. टोकियोच्या विद्यापीठात 1903 साली हर्नच्या जागी नात्सुमे सोसेकी आला. तो जपानी, इंग्रजीचाच प्राध्यापक, लंडनमध्ये दोन वर्षे एकटेपणात काढून परतलेला. त्याआधी 1895 साली तो मात्सुयामा या गावी शाळामास्तर होता. त्या अनुभवातून 1906 साली 'बोच्चान' ही कादंबरी आली. तिचा नायक टोकियोहून दूरच्या गावी गणित शिकवायला जातो. परदेशात नाही, आपल्याच देशात. तरी तो तिथे परकाच. एका संध्याकाळी तो चार वाट्या नूडल खातो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर त्याची टिंगल लिहिलेली असते. गरम पाण्याच्या सार्वजनिक हौदात तो पोहतो, तर पुढच्या वेळी तिथे पोहण्यास मनाईची पाटी लागलेली असते!

खेडेगावात बदली झालेल्या कोणत्याही शिक्षकाला यात आपला चेहरा दिसेल. मास्तराची फुरसत त्याची खासगी नसते. तो काय खातो, कुणाकडे जातो, मशिदीत दिसला की नाही, कोणत्या दुकानातून काय घेतले, हे सारे गावाच्या हजेरीपटावर मांडले जाते. हर्नला गावाने पाहुणा म्हणून पाहिले, म्हणून त्याला ही नजर मधुर वाटली. सोसेकीच्या नायकाला तीच नजर काट्यासारखी टोचते. एकाच देशातले, थोड्या वर्षांच्या अंतराचे हे दोन अनुभव एकत्र वाचले म्हणजे कळते की परदेशी मास्तराला मिळणाऱ्या प्रेमात त्याच्या परकेपणाचा वाटा किती मोठा असतो.

तिसरा लेखक अँथनी बर्जेस. याच्याविषयी आपल्या वाचकांना वेगळे कुतूहल वाटेल, कारण त्याचे विद्यार्थी मुसलमान होते. 1954 साली तो मलायात, कुआला कांगसार येथील मले कॉलेजात शिकवायला गेला. ते अमीर घराण्यांतल्या मले मुलांचे कॉलेज. पुढे कोटा भारू येथे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात तो होता, म्हणजे माझ्यासारखे बी.एड. करणारे त्याच्यासमोर बसत. या वर्षांतून त्याच्या तीन कादंबऱ्या आल्या: 'टाइम फॉर अ टायगर' (1956), 'द एनिमी इन द ब्लँकेट' (1958) आणि 'बेड्स इन द ईस्ट' (1959). इंग्रज जाण्याच्या तयारीत होते, जंगलात कम्युनिस्टांशी लढाई चालू होती आणि 31 ऑगस्ट 1957 ला मलाया स्वतंत्र झाला. त्या संधिकाळाचे हे चित्र आहे.

बर्जेसने फुरसतीत केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो मले भाषा शिकला आणि तिच्या परीक्षा उत्तम रीतीने उतरला. त्या काळी मले भाषा जावी लिपीत, म्हणजे अरबी अक्षरांत लिहिली जाई. उर्दू वाचणाऱ्याला जावीचे पान पाहून गंमत वाटते. 'च'चे अक्षर आपलेच आहे. 'प' मात्र त्यांनी 'फे'वर तीन नुक्ते देऊन केला, आपण 'बे'च्या जातीतून केला. शब्दही ओळखीचे भेटतात: किताब, वक्तु, दुनिया, केरुसी. आणि त्यांच्या शेजारी बहासा म्हणजे भाषा, गुरू म्हणजे शिक्षक. अरबी आणि संस्कृत एकाच बाकावर बसलेली! दुसऱ्या कादंबरीचे नाव हा एका मले वाक्प्रचाराचा सरळ तर्जुमा आहे, पांघरुणातला दुश्मन. मराठीत आपण त्याला अस्तनीतला निखारा म्हणतो आणि उर्दूत आस्तीन का साँप.

या भाषाज्ञानामुळे बर्जेसची पात्रे बोलू लागतात. मले, चिनी, तमिळ, शीख, प्रत्येकाची बोली वेगळी आहे. पहिल्या कादंबरीत नॅबी ॲडम्स नावाचा दारुडा इंग्रज पोलीस अधिकारी आहे. तो हिंदुस्थानात राहून आलेला, आणि त्याचा पंजाबी हाताखालचा माणूस अल्लादाद खान याच्याशी तो उर्दूत बोलतो. मलायाच्या जंगलाशेजारी एक इंग्रज आणि एक पंजाबी यांची मैत्री उर्दूवर टिकून आहे. उर्दूला केवळ मदरशाची किंवा मुशायऱ्याची जबान समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

मात्र मुसलमान वाचक म्हणून मला या त्रयीशी भांडायचेही आहे. बर्जेसचा विनोद सगळ्यांवर चालतो, इंग्रजांवर तर सर्वाधिक. तरीही मले माणसे पुष्कळदा आळशी, कारस्थानी, नावापुरती धार्मिक अशीच येतात. दुसऱ्या कादंबरीत एक कंगाल इंग्रज वकील पैशासाठी श्रीमंत मले विधवेशी निकाह करतो आणि त्यासाठी इस्लाम कबूल करतो. त्यातला उपहास वकिलाच्या लोभावर आहे, हे मान्य. पण ती बाई आणि तिचा दीन ही वकिलाच्या फजितीची केवळ नेपथ्यसामग्री होऊन राहते. ज्या घरात पहाटेची नमाज साधेपणाने होते, असे एखादे घर तीन कादंबऱ्यांत ठळकपणे यायला काय हरकत होती? भाषा शिकल्याने माणसाचा कान उघडतो. डोळे उघडायला आणखी काही लागते.

त्रयीचा नायक व्हिक्टर क्रॅब हा शिक्षक आहे. त्याला देशावर प्रेम आहे, आपण येथे उपयोगी पडावे अशी खरी तळमळ आहे. पण त्याची बायको फेनेला हिला ना काम, ना भाषा, ना मैत्रीण. उकाड्यात बसून ती परत जाण्याची वाट पाहते आणि अखेर निघून जाते. नवऱ्याच्या वाट्याला फुरसत आली, बायकोच्या वाट्याला रिकामपण आले. फुरसत आणि रिकामपण यांतला फरक बर्जेसने फेनेलाच्या रूपाने नेमका पकडला आहे. शेवटी क्रॅबला समजते की ज्यांना आपण तयार केले त्यांनाच आता आपली खुर्ची द्यायची आहे. चांगल्या मास्तराचे यश त्याच्या अनावश्यक होण्यात असते, ही कडू गोष्ट या कादंबऱ्या हसत हसत सांगतात.

चौथा लेखक पीटर हेसलर, आणि माझ्या कसोटीला सर्वाधिक उतरणारा. अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक योजनेतून 1996 च्या ऑगस्टअखेर तो चीनमध्ये यांगत्से नदीकाठच्या फुलिंग गावी गेला. तेथील शिक्षक महाविद्यालयात त्याने दोन वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले. त्याचे विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती. शिकून त्यांना खेड्यांतल्या शाळांत इंग्रजीचे शिक्षक व्हायचे होते. 2001 साली त्याचे 'रिव्हर टाऊन' आले. अर्धे शतक त्या गावात कोणी अमेरिकन राहिला नव्हता. रस्त्यावर उभा राहिला तरी गर्दी जमायची.

हेसलरने काय केले? त्याने दुपारचा मोकळा वेळ विद्यार्थी होण्यात घालवला. चिनी शिकवायला त्याला दोन स्थानिक शिक्षक होते. त्यांतल्या एका बाई अतिशय कडक. उच्चार चुकला की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, 'बुदुइ', म्हणजे चूक. शाबासकी नाही, धीर देणे नाही. सकाळी शेक्सपिअर शिकवणारा, ऑक्सफर्डला शिकून आलेला हा तरुण दुपारी पहिलीतल्या पोरासारखा 'चूक, चूक' ऐकत बसतो. बी.एड.ला आम्हांला शिकवले की मुलाचा हुरूप वाढवावा, चूक हळुवार दाखवावी. हेसलरचे हे प्रकरण वाचताना मला वाटले, प्रत्येक शिक्षकाने दर काही वर्षांनी एक अनोळखी भाषा शिकायला बसावे. 'चूक' हा शब्द पोटात कुठे लागतो, ते पुस्तकातून कळत नाही.

त्याचे चिनी नाव हो वेइ. खोलीत दोन टेबले होती, एक हो वेइचे, दुसरे पीटर हेसलरचे. एकावर चिनीचा अभ्यास, दुसऱ्यावर इंग्रजी लेखन. हो वेइ हा भोळा, अडाणी, हसरा माणूस. गावातले लोक त्याच्याशी बोलत, कारण अडाण्याला कोणी घाबरत नाही. हळूहळू तो दुकानांच्या पाट्या वाचू लागतो. कॉलेजजवळच्या नूडलच्या खानावळीत रोज बसतो, चहाच्या दुकानात तास काढतो, डोंगरावर धावायला जातो. हेच त्याचे स्थायिक होणे. आल्याबरोबर देश समजला, असा दावा तो करत नाही. कढईतल्या तेलाला वास सुटेपर्यंत थांबावे, तसा तो थांबतो.

आणि एवढे करूनही गाव त्याला पूर्णपणे घेत नाही. मुक्काम संपत आला असताना तो आणि त्याचा सहकारी बाजारात चित्रीकरण करायला जातात, तेव्हा गर्दी त्यांच्यावर उलटते. दोन वर्षांची ओळख एका क्षणात पुसली जाते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने हा प्रसंग गाळला असता किंवा गावाला नावे ठेवली असती. हेसलर तो लिहितो आणि त्यात आपण कसे दिसलो असू, याचाही विचार करतो. पाहुणा कितीही दिवस राहिला तरी घराची एक खोली त्याला बंद असते, हे स्वीकारणारे पुस्तक मला प्रामाणिक वाटते.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हेसलरने त्या विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार तोडला नाही. 2019 साली तो पुन्हा चीनमध्ये शिकवायला गेला, या वेळी कुटुंबासह चेंगदू शहरात. आपल्या जुळ्या मुलींना त्याने तेथील स्थानिक शाळेत घातले. 2021 मध्ये विद्यापीठाने करार पुढे चालवला नाही. 2024 च्या 'अदर रिव्हर्स' या पुस्तकात फुलिंगचे ते विद्यार्थी चाळिशी ओलांडलेले, स्वतः मुरलेले शिक्षक म्हणून भेटतात. मधल्या काळात पीस कोअरचा चीनमधला कार्यक्रमही बंद झाला. 1993 साली सुरू झालेल्या त्या योजनेचा शेवट 2020 मध्ये जाहीर झाला.

येथवर गुणदोष पाहिले. आता या साऱ्या साहित्यप्रकाराविषयीच्या माझ्या तीन तक्रारी मांडते.

पहिली तक्रार वह्यांविषयी. हर्न असो की हेसलर, त्यांच्या पुस्तकांतले काही सर्वांत सुंदर भाग म्हणजे विद्यार्थ्यांचे निबंध. अडखळत्या इंग्रजीत मुलांनी आई, गाव, भीती, स्वप्ने यांवर लिहिलेले. आम्ही शिक्षक लाल शाईने व्याकरण सुधारतो आणि वही परत करतो. हे लेखक त्या वहीतले हृदय ओळखतात, याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. पण मुखपृष्ठावर नाव एकाचेच असते. या पुस्तकांचे अर्धे लेखक वर्गात बसले होते, हे समीक्षेने नोंदवायला हवे.

दुसरी तक्रार स्टाफरूमविषयी. परदेशी मास्तराशेजारी एक स्थानिक इंग्रजीचा मास्तर नेहमी असतो. तो वर्षानुवर्षे व्याकरण घोटून घेतो, परीक्षेचा निकाल त्याच्या डोक्यावर असतो, पगार बहुतेक वेळा पाहुण्यापेक्षा कमी. पाहुणा गाणी आणि नाटके घेऊन येतो, मुलांचा लाडका होतो, दोन वर्षांनी जातो. मग तोच स्थानिक मास्तर पुन्हा फळ्यासमोर. निशिदाला हर्नने अर्पणपत्रिका तरी दिली. बाकीच्यांना बहुधा एखादा परिच्छेदच मिळतो, तोही हसण्यापुरता. या मास्तराची फुरसत कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. ती शिकवण्यांत गेली.

तिसरी तक्रार ॲनाच्या जन्मगावापाशी परत नेते. आज जगभर इंग्रजी शिकवायला माणसे बोलावली जातात. जपानची जेट योजना 1987 पासून चालू आहे. अशा नेमणुकांत अनेक ठिकाणी शिक्षणाइतकाच उमेदवाराचा पासपोर्ट पाहिला जातो. मादरी जबान इंग्रजी हवी, म्हणजे अमुक देशांतला जन्म हवा. नगरच्या मुलीला 1862 मध्ये जन्मगाव लपवावे लागले. आज कागदपत्रांमुळे लपवता येत नाही, एवढाच फरक. परदेशात मोकळेपणाने फिरणे, चहाच्या दुकानात बसून भाषा शिकणे, कंटाळा आला तर परत जाणे, ही चैन त्या पासपोर्टातून येते. तिला केवळ स्वभावाचा गुण म्हणणे बरोबर नाही.

हे मी का म्हणते, ते आपल्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या कितीतरी गावांतली माणसे आखाती देशांत गेली. त्यांत मजूर होते, कारकून होते, वाहनचालक होते, आणि तेथील भारतीय शाळांत शिकवणारे शिक्षक-शिक्षिकाही होत्या आणि आहेत. परदेशात राहणे, सुट्टीचा दिवस घालवणे, अनोळखी जबान कानावर पडता पडता उमजणे, हे सारे त्यांनीही केले. त्यांचीही एक फुरसत होती. शुक्रवारची नमाज, मग सहाजणांच्या खोलीत शिजवलेला भात-सार, कपडे धुणे, घरी पत्र किंवा कॅसेट पाठवणे. अमिरातीत 2022 पासून आठवडी सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, शुक्रवार अर्धा उरला. या एका बदलाने किती खोल्यांतला शुक्रवार बदलला असेल! हर्नच्या बागेइतकाच हा विषय साहित्याच्या लायकीचा आहे. त्यावर मराठीत सलग, निवांत, तपशिलाने लिहिलेली पुस्तके किती, ते आपण आपल्या कपाटात पाहावे.

आपले परदेसावरचे लिखाण विरहात अडकून पडते, असे मला वाटते. मागे राहिलेली आई, वाट पाहणारी बायको, परतलेला अनोळखी बाप. ते दुःख खरे आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. पण मनिऑर्डर आणि अश्रू यांच्या मधेही माणूस जगत असतो. तो केरळच्या सोबत्याकडून मासे करायला शिकतो, पठाण ड्रायव्हरशी उर्दूत गप्पा मारतो, अरबी पोरांना गुणाकार शिकवतो, समुद्राकाठी बसून आपल्या खाडीशी त्याची तुलना करतो. हे जगणे नोंदवणे म्हणजे दुःखाशी बेइमानी नव्हे.

हेसलरकडून आपल्या लिहिणाऱ्यांनी उचलावे ते हे. मोठे सिद्धांत नकोत, रोजच्या तासाभराची नोंद हवी. पहिला वाचता आलेला फलक, दुकानदाराने पहिल्यांदा नावाने मारलेली हाक, तोंडावर आलेला 'चूक' हा शब्द. सेत्सुकडून उचलावे ते हे, की घरातल्या बाईच्या वाट्याचा परदेस तिने स्वतः सांगावा, नवऱ्याच्या पुस्तकातून नव्हे. ॲनाकडून मात्र एवढेच शिकावे की आपण कुठले, हे लपवून लिहू नये.

आखातातल्या शाळेतून निवृत्त होऊन परतलेल्या उस्तान्या आज आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांच्या ट्रंकांत जुन्या डायऱ्या असतील, मुलांनी दिलेली कार्डे असतील. पुढच्या अंकासाठी त्यांच्याकडे एक वही आणि पेन घेऊन जायला हरकत नाही. वर्गात काय शिकवलेत, हे विचारूच नये. शाळा सुटल्यावर काय करत होता, तेवढे विचारावे.